रुमालात बांधलेली गावं

परभणी जिल्ह्यात गावाचा इतिहास लोक घमेल्यात भरून घरी नेत आले आहेत. माळवदाच्या घरावर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकावी लागते. ती नीट चोपून बसवली की वरचं पाणी खाली उतरत नाही. शेतात ती मिळत नाही. ती असते जुन्या गढीच्या अंगाला, गावाच्या टेकाडावर, पडलेल्या वाड्याच्या पोटात. माणसं एकाच जागी शेकडो वर्षं राहिली, भिंती पडल्या, त्यांच्यावर नव्या उभ्या राहिल्या, चुलीची राख आणि गोठ्यातलं शेण तिथंच मुरलं, आणि त्याची ही माती झाली. खणताना तिच्यात खापरं निघतात, जात्याची तळी निघते, काचेच्या बांगड्यांचे रंगीत तुकडे निघतात. घमेल्यानं नेत होते तोवर टेकाड टिकून होतं. आता जेसीबी येतो आणि बघता बघता बुरुज सपाट होतो. गावात कुणी हरकत घेत नाही. गढी देशमुखांची, आपलं त्यात काय, अशी समजूत आहे.

कागदांबद्दलही लोकांची हीच समजूत आहे, आणि माझं सगळं काम तिच्याशी झगडण्यात गेलं.

मी शाळामास्तर. सेलू आणि जिंतूर तालुक्यांत नोकरी झाली. पुराभिलेख विभागाच्या वर्गात मोडी शिकलो, ते निव्वळ आवड म्हणून. पण गुरुजींना मोडी येते ही बातमी बाजाराच्या दिवशी आठ गावांत पोचली आणि लोक कागद घेऊन दारात येऊ लागले. कुणाकडे भावकीच्या वाटणीचा कागद, कुणाकडे मारुतीच्या पूजेसाठी दिलेल्या इनामाची सनद, कुणाकडे दर्ग्याच्या खिदमतीचा हुकूम. प्रत्येकाचा प्रश्न एकच असायचा : यात आमचं नाव आहे का? मी नाव शोधून द्यायचो. मात्र त्या नावाच्या आगेमागे जे लिहिलेलं असे ते सोडवेना. एका ओळीत विहिरीचं पाणी कुणी कोणत्या वारी घ्यायचं ते, दुसरीत पोळ्याला कुणाचे बैल वेशीतून आधी जायचे ते. मग मी एकेका गावाची वही घातली. जे वाचलं ते त्या त्या गावाच्या वहीत.

मोडी वाचताना अक्षरापेक्षा तारीख जास्त छळते. आमच्या भागातल्या कागदांवर तीन-चार कालगणना एकत्र नांदतात. मराठी दरबाराशी संबंध आलेल्या कागदावर सुहूर सन, आणि तोही आकड्यात नव्हे, अरबी शब्दांत : सलास सबैन मया व अलफ, म्हणजे ११७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२ येतो. मृगाला सुरू झालेलं ते वर्ष पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतं. निजामाच्या कचेरीशी संबंध असलेल्या कागदावर फसली सन, त्यात ५९० मिळवायचे. म्हणजे ११७३ हाच आकडा फसली धरला तर १७६३. मधली ९ वर्षं किती मोठी होती ते पाहा. १७६३ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच गोदावरीवर, वरच्या अंगाला बीडकडे राक्षसभुवनला पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. १७७२ च्या नोव्हेंबरात थोरले माधवराव गेले. एका शब्दाच्या वाचनावर गावाचा कागद लढाईच्या धामधुमीतला ठरतो किंवा त्या पेशव्याच्या अखेरच्या महिन्यांतला. आणि गावाला दोन्ही सरकारांना भरावं लागत होतं. मुलूख निजामाचा आणि त्यात चौथाई-सरदेशमुखी मराठ्यांची. कुळकर्ण्याच्या ताळेबंदात दोघांचे रकाने शेजारी शेजारी असतात.

तालुक्याच्या कचेरीतून आलेले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आणि पुढचे कागद उर्दूत, तेही शिकस्ता वळणात, नुक्ते गाळून लिहिलेले. त्यांत महिने आजूर, दै, बहमन असे इराणी. ते मला कधीच आले नाहीत. त्यासाठी पाथरीचे एक निवृत्त शिक्षक माझ्याबरोबर बसत. आम्ही सगळे त्यांना मास्टरसाब म्हणायचो. एकाच रुमालात, म्हणजे कागद बांधून ठेवायच्या फडक्यात, मोडीचा कागद आणि त्याला टाचलेला उर्दू हुकूम असला की मी माझा अर्धा वाचायचो, ते त्यांचा. पुष्कळदा दोन्ही जुळायचे. न जुळले तर ते म्हणायचे, “गुरुजी, कचहरीने जो सुना वो लिखा. गाँव में जो हुआ वो आप के कागज में होएंगा.” परभणीच्या गावांचा इतिहास एकट्या मोडीवाल्याला लिहिता येणार नाही आणि एकट्या उर्दूवाल्यालाही नाही. हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो.

पाथरीचं नाव आलंच आहे तर तिथला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद. त्याचा बाप मलिक हसन बहरी जन्मानं ब्राह्मण होता, विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती सापडला आणि पुढे मुसलमान होऊन मोठ्या पदाला चढला. त्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी, असं फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो. अहमदनगरला राज्य उभं राहिल्यावर पाथरीकडचे हे ब्राह्मण नातलग तिथं पोचले आणि आमचं वतन आम्हाला परत मिळवून द्या म्हणाले. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा यानं आधी निरोप धाडला : पाथरी द्या, बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. अल्लाउद्दीन इमादशहानं नकार देऊन पाथरीची तटबंदी सुरू केली. १५१८ मध्ये बुऱ्हाण निजामशहानं ती लढून घेतली. ती पुढे हातची गेली, पुन्हा घेतली, आणि ते गाव ब्राह्मण नातलगांना इनाम दिलं गेलं. मोगल येईपर्यंत ते त्यांच्याकडे राहिलं, असंही फिरिश्त्यानं लिहून ठेवलं आहे. पुढे अकबराच्या कारभारात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार झालं. ‘ऐने अकबरी’त त्याची नोंद आहे.

गावच्या कुळकर्णपणासाठी दोन सुलतान लढले, हे वर्गात सांगितलं की मुलं ताठ बसत. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. राज्य मिळालं तरी माणसाला वतन हवं होतं. गावातली आपली जागा, आपला मान, आपल्या हातची लेखणी हवी होती. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा त्यांनी हेच वतन आतून उघडून दाखवलं, त्याचा आधार आणि त्याचा जाच, दोन्ही. आमच्या भागातले कागद वाचताना ते पुस्तक माझ्या टेबलावर कायम असे.

गावाच्या कागदांत सगळ्यात मोलाचा तो महजर. गावात तंटा झाला की गोतसभा बसे, साक्षी होत, निवाडा लिहिला जाई आणि खाली सगळ्यांच्या निशाण्या येत. पाटलाची निशाणी नांगर. न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, आणि बाकीच्यांची आपापल्या कामाची हत्यारं. लिहिता न येणाऱ्या माणसाची सही म्हणून ती छोटी चित्रं काढलेली असतात. दुधना काठच्या एका गावचा असा महजर पहिल्यांदा उलगडला तेव्हा मी बराच वेळ मजकूर वाचलाच नाही. खालच्या निशाण्याच पाहत राहिलो. ज्यांची नावं कोणत्याही बखरीत नाहीत ती माणसं त्या कागदाच्या तळाशी एका ओळीत उभी होती. कागद देशमुखांच्या घरात निघाला म्हणून तो देशमुखांचा, असं त्यानंतर मी कुणाला म्हणू दिलं नाही.

बायका मात्र महजरात फार थोड्या येतात. एखादी विधवा वतनाच्या वाट्यासाठी भांडते तेवढी दिसते, आणि ती दिसते तेव्हा तिचा मजकूर सगळ्यांत रोखठोक असतो.

कागदात शीव लिहिलेली असते ती अशी : पूर्वेस ओढा, दक्षिणेस खडक, पश्चिमेस बाभळ. ओढा सरकला, बाभळ गेली, तर काय करायचं? जुन्या काळी शिवेचा तंटा सुटला नाही की दिव्य होई; वाद्यांपैकी एकजण किंवा गावचा महार डोक्यावर माती घेऊन शीव चालून दाखवी आणि तो चालेल ती हद्द ठरे. शिवेचं ज्ञान महारांकडे, कारण ती राखण्याचं काम त्यांचं. म्हणून मी शिवेसाठी भीमनगरात जायचो. सेलू तालुक्यातल्या एका गावी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी मला उन्हातून सगळी शीव चालवली. “वड्याच्या अलीकडं एक धोंडा व्हता, शेंदूर लावल्याला. त्याच्यापून बोरीच्या झाडापस्तोर आपली हद्द. झाड गेलं, पर धोंडा माझ्या आजानं मला दाखविल्याला हाय.” धोंडा तिथंच होता, तुरीच्या पिकात. त्याच चालण्यात त्यांनी आजाला करावी लागलेली वेठही सांगितली. साहेब आला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत डोक्यावर वाहायचं, मोबदला नाही, नकाराची सोय नाही. शीव सांगताना त्यांचा आवाज शांत होता, वेठ सांगताना चढला. वहीत दोन्ही एकाच पानावर आहेत. शिवेचं ज्ञान तेवढं उचलायचं आणि वेठ गाळायची, असा इतिहास मी लिहिणार नाही.

याच सुमाराला एका प्राध्यापक मित्रानं इंग्लंडमधल्या खेड्यांच्या इतिहासाची काही पुस्तकं वाचायला दिली, आणि आपण एकटे नाही असं मला वाटलं. तिथं गावाची दोन अंगं धरतात. एक पॅरिश, म्हणजे एका चर्चला जोडलेली वस्ती आणि तिचं शिवार. दुसरं मॅनर, म्हणजे तिथल्या जमीनदाराची वहिवाट : त्याचा वाडा, त्याची कुळं, त्याच्या दारात बसणारी न्यायसभा. पॅरिश आणि मॅनर यांच्या हद्दी बऱ्याचदा एकमेकींत गुंतलेल्या असतात, जशा आमच्याकडे एकाच मौज्यात खालसा जमीन, इनाम जमीन आणि देवस्थानची जमीन. वसंतात ठरावीक दिवशी सगळं पॅरिश हद्दीवरून चालत जाई आणि मुलांना हद्दीच्या दगडांची आठवण राहावी म्हणून त्या दगडावर नेऊन आपटत, कधी छडीही मारत. मला लगेच तुरीतला शेंदरी धोंडा आठवला. मॅनरच्या न्यायसभांच्या नोंदी १७३३ पर्यंत बहुतेक लॅटिनमध्ये. म्हणजे तिथल्या शेतकऱ्यालाही स्वतःचाच कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत होता.

तिथल्या कामाचा पसारा पाहून मी थक्क झालो. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशनं ठेवावी असा हुकूम १५३८ साली निघाला. १८९९ मध्ये प्रत्येक परगण्याचा, त्यात प्रत्येक पॅरिशचा आणि मॅनरचा इतिहास लिहायचा असा संकल्प सुटला, व्हिक्टोरिया राणीच्या नावानं. तो अजून पुरा झालेला नाही, आणि लोक अजून लिहीत आहेत. परभणी जिल्ह्यात आठशेहून अधिक गावं आहेत. सव्वाशे वर्षं चालणारं काम हाती घेण्याची हिंमत त्यांनी केली, हे वाचून मला धीर आला.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट मला एका कायद्यात सापडली. मॅनरच्या वहिवाटीतली जुनी कुळपद्धत १९२२ च्या कायद्यानं रद्द झाली आणि १ जानेवारी १९२६ पासून ती संपली. हक्क संपले की कागद रद्दी होणार, हे तिथल्या लोकांनी ओळखलं. १९२४ मध्येच दुरुस्ती करून मॅनरचे सगळे दस्त कायद्याच्या संरक्षणाखाली आणले गेले आणि त्यांची एक नोंदवही सुरू झाली. ती आज त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. कागद मालकाच्या घरी राहिला तरी चालतो. तो कुठं आहे, कोणत्या वर्षाचा आहे, हे नोंदलेलं पाहिजे, तो नीट ठेवला पाहिजे आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता कामा नये. एवढंच. कुणाची मालकी हिरावली नाही, तरी कागद सगळ्यांचा झाला.

आमच्याकडे हक्क संपले ते वादळासारखे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. १९४९ च्या सुरुवातीला निजामाचं सर्फेखास, म्हणजे त्याचा खासगी मुलूख, सरकारात आलं, आणि १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी संपवणारा कायदा आला. हैदराबाद संस्थानाचा तीन दशांशाच्या आसपास भाग जहागिरीत होता. १९५० मध्ये कूळ कायदा आला, १९५४ च्या कायद्यानं इनामं गेली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. ज्यांनी वेठ केली त्यांच्या नातवंडांकडून मी ते ऐकलं आहे. त्याच्याही आधी, मुक्तिसंग्रामात, शिंदीची झाडं तोडली गेली, करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी जळाली आणि काही गावांत पटवाऱ्यांची दप्तरंही पेटली. ज्या दप्तरानं सारा आणि लेव्ही उकळली ते पेटवताना कुणाच्या मनात इतिहास असणार? ते साहजिक होतं. पण जे जळालं नाही त्याचं पुढं काय झालं, ते मात्र साहजिक म्हणून सोडून देता येत नाही. वतनदार पटवारी गेले, तलाठी आले, १९५४-५५ चं खासरा पत्रक तयार झालं, आणि नव्या कारभाराला त्या पत्रकाच्या मागं जायची गरज राहिली नाही. त्याआधीचं जे कुळकर्ण्याच्या, देशमुखाच्या, काझीच्या घरात होतं ते तिथंच माळ्यावर राहिलं, लाल कापडाच्या रुमालात, वाळवीच्या शेजारी.

मी ज्या घरांत गेलो तिथं कागद दाखवायला लोक का कचरतात, हे समजायला वेळ लागला. देवस्थानच्या आणि खिदमतीच्या इनामांच्या जमिनींचे वाद आजही कोर्टात आहेत. जुनी मुंतखब, म्हणजे इनामाचा सरकारी दाखला, हाती लागली तर कुणाची तरी जमीन जाऊ शकते किंवा कुणाची तरी परत येऊ शकते. एका घरातल्या आजींनी मला चहा दिला, पाट दिला, पण रुमाल दिला नाही. “सासऱ्याचं सांगणं व्हतं गुरुजी, ह्ये सोडायचं न्हाई. सोडलं की भावकी उठती.” मी त्यांना इंग्लंडचा कायदा सांगत बसलो नाही. एवढंच म्हणालो की आजी, रुमाल तुमच्याच घरी राहू द्या, मी नुसती यादी करतो, किती कागद आणि कोणत्या सालचे. पुढच्या खेपेला त्यांनी मुलाला माळ्यावर चढवलं. त्या रुमालात जमिनीचा एकही कागद नव्हता. कुठल्याशा दुष्काळी सालात गावानं सावकाराकडून उचललेल्या ज्वारीचा हिशेब होता, घरोघरच्या नावांनिशी, कुणाला किती पायली ते.

पुढे सप्टेंबर २०२३ उजाडला. मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदींमध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि सगळ्या जिल्ह्यांत एकाएकी मोडी वाचणाऱ्यांची, उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मला रोज माणसं विचारत येत. ज्या घरांनी कधी दार उघडलं नव्हतं त्यांनी रुमाल आपण होऊन आणून दिले. तरुण पोरं रात्र रात्र कागदांचे फोटो काढत. मला या दिवसांचा आनंद झाला, तो मी लपवत नाही. मोडीचा कागद हातात धरून इतकी माणसं ओसरीवर बसलेली मी आधी पाहिली नव्हती. ज्यांना नोंद मिळाली त्यांच्या आयुष्यात त्यानं फरक पडणार होता. तेव्हा त्यांची घाई मला कळत होती.

दुखलं ते वेगळंच. ‘कुणबी’ हा एक शब्द शोधायचा, सापडला तर फोटो, नाही सापडला तर पान उलटायचं. पान भरभर उलटताना जुन्या कागदाचे काठ तुटतात. एका गावात सतराव्या-अठराव्या शतकातला शिवेचा महजर बाजूला पडला, कारण त्यात तो शब्द नव्हता. त्याच्या तळाशी आरसा होता, मोगरी होती, नांगर होता. मी त्या पोरांना थांबवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. एकजण म्हणाला, “सर, हे तर आमच्या वावराचं नाव हाय.” त्या वावराला आजही तेच नाव आहे. तो पोरगा पुढचे कितीतरी दिवस माझ्याबरोबर यादी करायला येत राहिला. आज तो मोडी माझ्यापेक्षा वेगानं वाचतो.

नावांवरून बेचिराग गावांची गोष्ट निघते. महसुलाच्या नकाशावर काही गावांना शिवार आहे, सर्व्हे नंबर आहेत, वस्ती नाही. जिंतूरकडच्या माळावर, गोदाकाठच्या खालच्या रानात अशी शिवारं भेटतात. उंचवटा असतो, नांगरटीत खापर वर येतं, एखादी बुजलेली बारव असते आणि हमखास एक मारुती असतो, कधी त्याच्या ओट्याला टेकवलेली वीरगळही. गाव का उठलं याची कारणं शेजारच्या गावात ऐकायला मिळतात : पटकी आली, पेंढारी आले, नदी फिरली, देवीचा कोप झाला. १६३० ते १६३२ च्या दुष्काळानं दख्खनची किती गावं ओस पाडली ते त्या काळच्या लिखाणात आहे. तरी प्रत्येक उठलेल्या गावावर तो दुष्काळ लादणं मला पटत नाही. गाव हळूहळूही उठतं, दोन घरं या वर्षी, चार घरं पुढच्या. इंग्लंडमध्ये मॉरिस बेरेसफर्ड या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकानं अशा उठलेल्या गावांवर १९५४ मध्ये पुस्तक लिहिलं आणि जॉन हर्स्टबरोबर यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या ओस गावात १९५० पासून ४० वर्षं उन्हाळ्या-उन्हाळ्याला खणत राहिला. तिथं बरीच गावं मेंढ्यांच्या कुरणांसाठी उठली. व्हॅरम पर्सीत घरं गेली तरी चर्च राहिलं आणि आसपासची माणसं विसाव्या शतकापर्यंत तिथं प्रार्थनेला येत राहिली.

आमच्या मारुतीचंही तसंच आहे. पाथरी तालुक्यातल्या एका उठलेल्या गावच्या मारुतीला शेजारच्या गावातून अजून नैवेद्य जातो. तो नेण्याचा मान एका ठरलेल्या घराचा. ते घर त्या उठलेल्या गावच्या पाटलांचं, असं सगळे सांगतात. गाव नाही, पाटीलकी नाही, इनाम नाही, पण मान चालू आहे. आणि गंमत अशी की त्या घराकडे एकही कागद नाही, त्यांचा मान गावानं तोंडानं जपला. लिहून जपल्याचाही दाखला आहे. १४ व्या शतकातल्या महानुभावांच्या स्थानपोथीत देवळाचं दार कोणत्या दिशेला, मठ कुठं, झाड कुठं असं गावोगाव टिपून ठेवलं आहे. चक्रधरस्वामी जिथं राहिले त्या जागा विसरू नयेत म्हणून. गोदावरीच्या खोऱ्यात गाव लिहून ठेवायची रीत इतकी जुनी आहे, ती आपल्याला बाहेरून आणायची नाही.

काही वेळा कागद आमचा आणि गाव दुसऱ्याचं असंही होतं. परभणीचा ताम्रपट म्हणून अभ्यासक ज्याला ओळखतात तो शके ८८८ चा, म्हणजे ९६६ सालचा आहे. वेमुलवाड्याच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या अरिकेसरीनं ‘यशस्तिलक’ लिहिणाऱ्या सोमदेवसूरी या जैन आचार्यांना जिनालयासाठी गाव दिलं, त्याची ही सनद. दान तेलंगणातलं आणि पत्रा निघाला परभणीत. धातूचा म्हणून हजार वर्षं टिकला. आमचे रुमाल कागदाचे आहेत.

म्हणून आता मी फक्त याद्या करतो. इतिहास लिहिण्याची घाई सोडली. गाव, घराचं ठिकाण, रुमालाचा रंग, कागदांची संख्या, लिपी, पहिलं आणि शेवटचं साल, वाळवी आहे की नाही. प्रत्येक यादीची एक प्रत त्या घरात, एक ग्रामपंचायतीत, एक माझ्याकडे. जमिनीचा वाद चालू असेल तर त्या कागदाचा फक्त क्रमांक, मजकूर नाही. ही अट मी घातल्यापासून दारं जास्त उघडली. काही ग्रामसेवकांनी यादी दप्तरात लावून घेतली, काहींनी ही कशासाठी म्हणून परत दिली. परत दिलेल्या मी पुन्हा नेऊन देतो.

कागदांच्या यादीबरोबर वावरांच्या नावांची यादीही करायला लागलो, शाळेतल्या नववीच्या मुलींच्या मदतीनं. मुली आपापल्या आज्यांना विचारून येतात. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, आज्यांकडे नावं असतात : चिंचाळी, खारवट, ढवळ्याचा तुकडा, भुताची पट्टी, जोगणीचं वावर. मोडीतल्या इनामपत्रात ‘चावर एक, थळ खारवट’ असं वाचलेलं आणि मुलीनं आजीकडून आणलेलं ‘खारवट’ एकाच बांधावर येऊन मिळालं, त्या दिवशी मास्टरसाब मुद्दाम पाथरीहून ते शेत पाहायला आले. त्याच नकाशावर पश्चिमेकडच्या एका पट्टीवर अडलं. देशमुखांच्या घरातले लोक तिला ‘वाड्याची पट्टी’ म्हणतात, भीमनगरातल्या आज्या ‘वेठीचं वावर’ म्हणतात. मुलींनी विचारलं, सर, कोणतं लिहू? नकाशावर जागा पुरेशी होती. दोन्ही नावं लिहिली, कुणी सांगितलं त्यासकट, आणि नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला दिला.